आमेन म्हणजे मत नव्हे

लॉरेल गॅप, केंटकी
३ मार्च २०१४

डेल्मर,

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर माझा आवाज ऐकून खाली ठेवतोस. म्हणून पत्र लिहिते आहे. फाडायचं असलं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं.

आधीच सांगते, ही माफी नाही. अकरा वर्षं तू डेटनला बसून माझ्या माफीची वाट बघत असशील, तर बस आणखी. तुला डीकन करायचं की नाही यावर चर्चच्या सगळ्या मंडळीचं मत घेतलं, तू एका हातानं पडलास, आणि तो हात माझा होता. हो, सख्ख्या बहिणीचा. तुझी दारू सुटून तेव्हा दोन महिने झाले होते. डीकनकडे चर्चच्या किल्ल्या असतात, त्याला आजाऱ्यांच्या उशाशी बसावं लागतं, विधवांच्या घरी एकट्यानं जावं लागतं. दोन महिन्यांच्या माणसावर मी ते सोपवलं नसतं, मग तो माझ्या आईच्या पोटचा का असेना. पुढच्या वर्षी तुझ्यासाठी मीच पहिला हात वर केला असता. पण तू पुढचं वर्ष येऊच दिलं नाहीस. ट्रकमध्ये सामान टाकलंस, सोळा वर्षांची पोर, कार्लीन, शाळा पुरी होईपर्यंत म्हणून माझ्याकडे ठेवलीस आणि गेलास ओहायोला.

हे आज उकरून काढते आहे, कारण आता आपल्या मंडळीत कुणालाच कुणाविरुद्ध हात वर करता येणार नाही. कसं झालं ते ऐक. तू हसशील. हस.

चार वर्षांपूर्वी आम्ही ब्रदर केंटना पाळक म्हणून बोलावलं. तरुण माणूस, आवाज खणखणीत, उपदेश असा की म्हातारे डुलक्या घ्यायचे थांबले. त्यांची एक सवय आहे. दर तीन वाक्यांनी विचारतात, "आमेन?" आणि आम्ही म्हणतो, "आमेन!" देव चांगला आहे, आमेन? आमेन! बाहेर थंडी आहे पण प्रभूच्या घरात ऊब आहे, आमेन? आमेन! शिंक आल्यासारखं ते आपोआप तोंडातून येतं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी उपदेश संपता संपता त्यांनी एक कागद काढला आणि त्याच सुरात वाचला, "प्रभू कळपाला मेंढपाळ देतो. यापुढे या मंडळीचा कारभार पाच वडील, म्हणजे ज्येष्ठ बंधू, बघतील. त्यांची नावं पाळक ठरवतील. मतांची भांडणं संपली, भावांनो आणि बहिणींनो. आमेन?"

सगळं चर्च म्हणालं, "आमेन!"

मीही म्हणाले. तोंडात खोकल्याची गोळी होती तरी म्हणाले. माझी मैत्रीण ओलेटा शेजारी बसली होती, ती तर दोनदा म्हणाली. पुढच्या रविवारी चर्चच्या पत्रकात छापून आलं: 'नवी रचना मंडळीनं एकमतानं मंजूर केली.'

एकमतानं! अरे, या मंडळीनं कधी गालिच्याचा रंगसुद्धा एकमतानं ठरवला नाही. त्या गालिच्यावरून दोन कुटुंबं सहा महिने मागच्या दारानं येत होती, आठवतंय ना?

आणि वडील म्हणे! पाचांतला एक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. मी शाळेची बस चालवत होते तेव्हा थुंकतो म्हणून त्याला रस्त्यात खाली उतरवलं होतं. आता तो माझा वडील. उद्या त्याच्या पाया पडू का काय?

असो. तुला कळवावंसं वाटलं. कार्लीन बरी आहे. सध्या माझ्याकडे राहते आहे. माझा गुडघा दुखतो ना, म्हणून मदतीला आली आहे.

तुझी बहीण,
अर्डिथ


२१ मार्च

डेल्मर,

तुझं कार्ड मिळालं. 'मंडळी तुझी, आमेन तुझं, निस्तर. कार्लीनचा फोन का लागत नाही?' अकरा वर्षांनी एवढंच लिहिलंस. शाई महाग झाली आहे का ओहायोत?

बरं. गुडघ्याचं खोटं होतं.

ख्रिसमसच्या आधी बर्फावर घसरून मनगट मोडलं, असं कार्लीननं तुला सांगितलं होतं. बर्फ नव्हता. लॉनी होता. तुझा जावई. आणि तेही पहिल्यांदा नव्हतं. फेब्रुवारीत ती दोन पिशव्या घेऊन माझ्या दारात आली. मी काही विचारलं नाही. तिला आत घेतलं, बटाट्याचं सूप गरम केलं आणि तुझा नंबर फिरवला. तू खाली ठेवलास. हे तुला लागावं म्हणूनच लिहिते आहे.

आता ऐक. लॉनीचा बाप व्हर्जिल स्पार्क्स त्या पाच वडिलांमध्ये आहे. गेल्या गुरुवारी त्यांनी कार्लीनला चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं. पाच वडील आणि ब्रदर केंट, सहा पुरुष, आणि ती एकटी. मी बरोबर गेले, तर म्हणाले सिस्टर, तुम्ही बाहेर थांबा. बाहेर रविवारच्या शाळेतली लहान मुलांची खुर्ची होती, तिच्यावर गुडघे हनुवटीला लावून बसले. रागानं माझे कान तापले होते. कार्लीन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. म्हणाली, "आत्या, ईस्टरच्या आत घरी परत जा म्हणतात. लॉनीची माफी माग म्हणतात. नाहीतर माझं नाव मंडळीतून काढणार."

"तू सांगितलंस ना तो मारतो ते?"

"सांगितलं. सासरे म्हणाले, नवराबायकोत होतंच थोडंफार."

जुन्या नियमात कुणालाही काढायचं तर सगळ्या मंडळीसमोर मत घ्यावं लागायचं. म्हातारा क्लेम आठवतो? दारू गाळतो म्हणून त्याला काढायचं होतं. त्याला पुढे उभं केलं, त्यानं पोटभर बोलून घेतलं, आपल्या दोघांच्या बाबांनाही शिव्या दिल्या, मग मत झालं. काढलाच त्याला. पण सगळ्यांच्या तोंडासमोर काढला, आणि काढणारे कोण ते त्याला दिसलं. आता मागच्या खोलीत पाच जण ठरवणार आणि आपण रविवारी पत्रकात वाचणार.

तू म्हणशील, मग दुसरं चर्च बघा. बघता येईल. इथे दगड मारला तर चर्चला लागतो. पण दुसऱ्या चर्चमध्ये जायचं तर इथला दाखला लागतो, आणि त्या दाखल्यावर 'काढून टाकलेली' असं लिहून येणार. मग दुकानात, शाळेत, कोर्टात सगळीकडे लॉनी सांगत फिरेल, बघा, देवाच्या माणसांनीही तिलाच दोष दिला. वडील कोण असावेत आणि त्यांना कुणी निवडावं, ही पुस्तकी लोकांची चर्चा आहे असं मला वाटायचं. कोणीही चालवा, प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षरस मिळाला म्हणजे झालं. आता कळलं की इथेच घोडं पेंड खातं.

ब्रदर केंटशी मी बोलले. रविवारी जेवणानंतर चर्चच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होते, ते कॉफी घ्यायला आले. मी म्हटलं, "ब्रदर केंट, टॉवेल घ्या. मी धुते, तुम्ही पुसा. बोलायचंय."

त्यांनी बाह्या वर केल्या. तसा माणूस वाईट नाही. माझा नवरा रॉस जाताना चार रात्री त्याच्या उशाशी बसला होता तो, मी झोपावं म्हणून. हे मी विसरत नाही.

मी म्हटलं, "आमचं मत का काढून घेतलंत?"

म्हणाले, "सिस्टर अर्डिथ, मतानं मंडळ्या फुटतात. मी तीन फुटलेल्या बघितल्या. लोक एकमेकांची तोंडं बघत नाहीत. तुमचाच भाऊ बघा."

हे बोलले ते. खोटं कसं म्हणू?

मग म्हणाले, "आणि कळप कधी मेंढपाळ निवडतो का?"

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी निवडलं? तिघं आले होते उपदेश द्यायला. मेंढरांनी बसून ऐकलं आणि मेंढरांनीच हात वर केले. तेव्हा मेंढरं हुशार होती, आता एकदम येडी झाली?"

ते हसले. मग ताट पुसता पुसता थांबले आणि म्हणाले, "कार्लीनचं मलाही जड जातंय. पण वडिलांनी ठरवलंय."

"वडील कुणी ठरवले?"

ताट मांडणीवर ठेवून ते निघून गेले. टॉवेल ओट्यावर तसाच टाकून.

अर्डिथ


४ एप्रिल

डेल्मर,

तू कार्लीनला फोन केलास ते चांगलं केलंस. ती रडली, पण बऱ्या कारणानं रडली. तू तिला म्हणालास, इकडे ये, वरची खोली रिकामी आहे, त्या मंडळीवर पाणी सोड. मी शेजारच्या खोलीत मक्याच्या पावाचं पीठ कालवत होते आणि कान तिकडेच होते, खोटं कशाला बोलू. ती काय म्हणाली ते तूही ऐकलंस. "डॅडी, मी काही केलेलं नाही. मग मी कशाला जाऊ?"

तुझी मुलगी आहे, पण हे काही तिला तुझ्याकडून आलेलं नाही.

नऊ तारखेला बुधवारी तिमाही सभा आहे. ब्रदर केंट सांगतात, आता ही सभा फक्त माहिती द्यायला. मी सांगते, तिथे मी उभी राहणार आणि विचारणार, जानेवारीत नकार कुणाचा हे विचारलं होतं का? आपल्या नियमावलीत साधं लिहिलंय. हो कुणाचं विचारायचं, नाही कुणाचं विचारायचं, आणि दोन्ही मोजायचं. 'नाही कुणाचं' हे त्या दिवशी विचारलंच नाही. आमेन म्हणजे मत नव्हे. जेवणाच्या आधीही आपण आमेन म्हणतो, म्हणून काय रताळी मंजूर होतात?

आठवडाभर घरोघर फिरले. लोकांचे एकेक नमुने! एक म्हणते, "अगं, आपल्याला काय कळतंय त्यातलं." बाई, तुला शेजारणीच्या घटस्फोटातलं सगळं कळतं, आणि यातलं कळत नाही? दुसरा म्हणतो, "ईस्टर होऊन जाऊ दे, मग बघू." ईस्टरलाच तर पोरीला काढणार आहेत, बाबा! काही जण मूग गिळून बसले आणि मला पाय दिला, म्हणजे खायचा पाय, सफरचंदाचा. चार घरचे चार पाय घेऊन घरी आले. मत एकाचंही नाही.

ओलेटाशी तर भांडणच झालं. चाळीस वर्षांची मैत्रीण. तिच्या अंगणात दोघी उभ्या होतो.

"अर्डिथ, तू मंडळी फोडणार आहेस."

"मंडळी मी फोडत नाही. मनगट कुणी फोडलं ते विचार."

"नवरा सोडून राहणं बायबलात बसत नाही. मी माझ्या बर्टबरोबर काढलीच ना वर्षं?"

काय बोलणार? बर्ट कसा होता ते मला माहीत आहे. तिनं सोसलं म्हणून आता सगळ्यांनी सोसायचं, असं तिच्या मनात घट्ट बसलंय. तिची मला दयाही आली आणि रागही आला. राग जास्त.

आता तुझं. तुझं नाव अजून आपल्या यादीत आहे. अकरा वर्षं तू आम्हाला शिव्या घालतोस, पण दाखला मागायला एक ओळ लिहिली नाहीस. का रे? नाव आहे म्हणजे मत आहे. डेटनहून चार तासांचा रस्ता. ये. माझ्यासाठी येऊ नकोस. आलास आणि माझ्याविरुद्ध उभा राहिलास तरी चालेल, पण समोर उभा राहा.

अर्डिथ


१० एप्रिल

डेल्मर,

तू आला नाहीस. दारातून कुणी आत आलं की कार्लीन मान वळवून बघत होती. एवढंच सांगते, पुढचं तुझं तू समज.

आता काय झालं ते ऐक.

चर्च भरलं होतं. एरवी बुधवारच्या सभेला वीस टाळकी असतात, काल बाकं कमी पडली. ज्यांनी मला पाय देऊन वाटेला लावलं होतं, तेही आले होते. ब्रदर केंटनी प्रार्थना केली आणि सांगितलं, आज दोन गोष्टींची माहिती द्यायची आहे. मी उभी राहिले. पुढच्या बाकाला धरलं.

"ब्रदर केंट, आधी एक विचारायचंय. नवी रचना कधी मंजूर झाली?"

"जानेवारीत, सिस्टर. तुम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलंत."

"त्याच दिवशी तुम्ही विचारलंत, बाहेर थंडी आहे पण प्रभूच्या घरात ऊब आहे, आमेन? त्यालाही आम्ही आमेन म्हटलं. आणि त्या दिवशी चर्च गरम करायची भट्टी बंद होती, मी कोट घालून बसले होते."

लोक हसले. व्हर्जिल स्पार्क्स नाही हसला. तो म्हणाला, "बायकांनी मंडळीत गप्प बसावं असं बायबलात लिहिलंय."

मी म्हटलं, "व्हर्जिल, गेल्या चाळीस वर्षांत तुझ्या ताटात वाढताना तू मला कधी गप्प बस म्हणाला नाहीस." मग पाळकांकडे वळले. "ब्रदर केंट, तुम्ही नकार विचारला नाहीत. तेवढाच विचारा. जास्त काही मागत नाही. आम्ही हरलो तर मी खाली बसेन आणि पुन्हा ब्र काढणार नाही."

ते बराच वेळ उभे होते. हातात कागद. त्यांना सभा संपवता आली असती. प्रार्थना करू या म्हणाले असते तर आम्ही मेंढरांसारख्या माना खाली घातल्या असत्या, हे त्यांनाही माहीत होतं. मग त्यांनी कागद खाली ठेवला.

"बरोबर आहे," म्हणाले. "मी विचारलं नव्हतं. नवी रचना हवी असेल त्यांनी उभं राहावं."

बरेच उठले.

"नको असेल त्यांनी."

डेल्मर, माझ्या मागून बाकांचा आवाज सुरू झाला. लाकूड करकरायला लागलं आणि थांबेचना. मी मागे वळून बघितलं नाही, मला भीती वाटत होती. ब्रदर केंट मोजत होते, त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि त्यावरूनच मला कळलं.

मी खाली बसणार, तर व्हर्जिल ओरडला, "मग आता या पोरीचंही मंडळीच ठरवू दे! बघू या मंडळीची लाज!"

त्याला वाटलं होतं, ती घाबरून पळेल. कार्लीन उठली. मनगटाला अजून पट्टा आहे. तिला बोलायला कुणी शिकवलं नव्हतं, मी तर नाहीच. ती म्हणाली, "लॉनीनं मला तीनदा मारलं. शेवटच्या वेळी हात मोडला. मागच्या खोलीत हेच सांगितलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून पुन्हा सांगते. मी परत जाणार नाही. काढायचं तर माझ्याकडे बघून काढा." आणि उभीच राहिली.

खोलीत पाच जणांना ठरवणं सोपं होतं. तिथे कुणी कुणाकडे बघत नव्हतं. इथे प्रत्येकाला पायांवर उभं राहायचं होतं, त्या पट्ट्यासमोर.

"काढावं असं वाटतं त्यांनी उभं राहावं," ब्रदर केंट म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

लॉनीची आई उभी राहिली. तिचे भाऊ उभे राहिले, आणखी काही जण. आणि माझ्या शेजारी ओलेटा उभी राहिली. तिचा झगा माझ्या हाताला घासत वर गेला. ती समोर बघत होती, पण उभी राहिली.

व्हर्जिल बसून होता. काढू नये म्हणणारे उठले, तेव्हाही बसूनच होता. दोन्ही वेळा बसून, हात मांडीवर. मुलाच्या बाजूनं उभं राहायला सगळ्यांसमोर त्याचे पाय उठले नाहीत.

तुझ्या मुलीचं नाव मंडळीत राहिलं.

लॉनीच्या घरचे उठून गेले. आम्ही बाहेर आलो तर कार्लीन म्हणाली, "आत्या, मला उलटी होईल." आणि झालीच, पार्किंगमध्ये. तिचे केस मी धरले. मग दोघी हसत सुटलो, का ते माहीत नाही.

अर्डिथ


२९ एप्रिल

डेल्मर,

कार्लीन म्हणते की तू आता दर रविवारी फोन करतोस. कर. माझ्याशी बोलायला मात्र अजून मागत नाहीस. ठीक आहे, मी लिहीत राहीन, मला काय.

सभेच्या दुसऱ्या दिवशी ओलेटा दारात. हातात काही नाही, रिकामी आली होती. म्हणाली, "मला घरात घेणार आहेस का नाही?"

मी म्हटलं, "तू माझ्या पोरीविरुद्ध उभी राहिलीस."

"राहिले. मला तसंच वाटतं. उद्याही राहीन."

"मला माहीत आहे. ये, कॉफी चढवते."

कॉफी प्यायलो. कार्लीन खोलीतून बाहेर आली नाही, आणि मी तिला ये म्हटलंही नाही. तिचा तो हक्क आहे. पण जाताना ओलेटा तिच्या दारापाशी थांबली आणि म्हणाली, "हाताला थंडी लागू देऊ नकोस. पाऊस आला की माझ्या हाताला अजून कळ येते." मग गेली. कार्लीननं ते ऐकलं.

आता नवीन ऐक. जे माझ्या बाजूनं उभे राहिले होते, त्यांना आता चेव आलाय. सात मेच्या बुधवारी ठराव आहे, ब्रदर केंटना पाळकपदावरून काढायचा. सगळे धरून चालले होते की ठराव मीच मांडणार. मी म्हटलं, मी मांडणार नाही, आणि ठेवा म्हणून उभी राहणार. तर आता तेही माझ्यावर रागावले आहेत! दोन्हीकडचे रागावले म्हणजे बहुतेक माझं बरोबर असावं.

का म्हणून विचारशील. रॉसच्या उशाशी बसले होते म्हणून, आणि त्या बुधवारी कागद खाली ठेवून ज्यांनी स्वतःच्या तोंडानं नकार विचारला म्हणून. आता ते आमेन विचारतात तेव्हा आधी जरा थांबतात, आणि आम्हीही म्हणायच्या आधी थांबतो. चुकलेला पाळक मला चालेल. त्याला तू चुकलास म्हणता आलं पाहिजे, एवढंच.

कार्लीनला हे पटत नाही. काल जेवताना म्हणाली, "आत्या, ते मागच्या खोलीत बसले होते. माझं सगळं ऐकलं आणि काही बोलले नाहीत. तुझ्या नवऱ्याजवळ बसले म्हणून तू त्यांना ठेवणार. माझ्याजवळ नाही ना बसले?"

तिचं म्हणणं खोटं नाही, डेल्मर. पण मत मी बदललं नाही, आणि तिनंही बदललं नाही. ती काढा म्हणून उभी राहणार आहे.

तर बुधवारी आम्ही दोघी एकाच बाकावर बसू. मी ठेवा म्हणून उठेन, ती बसून राहील. ती काढा म्हणून उठेल, मी बसून राहीन. कोण जिंकेल ते प्रभूला माहीत. मग एकाच गाडीनं घरी येऊ, आणि तिला भूक लागलेली असेल, म्हणून मी शेंगा आणि मक्याचा पाव आधीच करून ठेवणार आहे.

तुझ्या मुलीला हे जमतं, डेल्मर.

तुझी बहीण,
अर्डिथ